विंडोज १० वरून ११ वर जावं का? मराठीत काम करणाऱ्यांचे अनुभव हवेत

अक्षरवेल
नमस्कार मंडळी,
गेली चौदा वर्षं कराडला घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. माझ्याकडे दोन यंत्रं आहेत. एक डेस्कटॉप, २०१६ सालचा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. दुसरा लॅपटॉप, २०२० चा, दहाव्या पिढीचा. दोन्हींवर विंडोज १०.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. दिवाळी अंकाच्या गडबडीत मी तिकडे बघितलंच नाही, आता जरा उसंत मिळाली आहे. लॅपटॉपवर ११ फुकटात मिळतंय. डेस्कटॉपवर तपासणीचं अॅप चालवलं तर हा प्रोसेसर चालणार नाही म्हणतंय.

जाहिरातीतली यादी मी वाचली. ती वाचून माझ्या कामाचं काहीच कळलं नाही. सकाळी नऊला यंत्र सुरू केल्यापासून रात्री शेवटची पीडीएफ पाठवेपर्यंत नेमकं काय बदलतं? मराठी कळफलक, फॉन्ट, जुनी सॉफ्टवेअर, प्रिंटर यांचं काय होतं? ज्यांनी बदल केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माझी सगळी कमाई या दोन डब्यांवर आहे, म्हणून विचारून पाऊल टाकतेय.

मीठभाकर
लॅपटॉपवर बिनधास्त घ्या. मी दोन वर्षं वापरतोय, अडलं काही नाही.

चावडीवाचक
ताई, मी पुण्यात छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळतो. गेल्या वर्षभरात बऱ्याच यंत्रांवर हा बदल केलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. सुरुवातीचं ११ आणि आजचं ११ यांत बराच फरक आहे. तेव्हा वैतागून परत फिरलेल्यांनी आज पुन्हा बघावं. टास्कबारवरची बटणं तेव्हा एकत्रच गोळा व्हायची, वेगळी ठेवायची सोय काढून टाकली होती. लोकांनी दोन वर्षं ओरड केली आणि २०२३ च्या शेवटी ती सोय परत आली. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे टास्कबार, तिथे ‘नेव्हर’ निवडा. स्टार्टचं बटण मधोमध असतं, तेही तिथूनच डावीकडे नेता येतं.

तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती गोष्ट म्हणजे फाइल एक्सप्लोररमधले टॅब. २०२२ पासून आहेत. एका खिडकीत ‘अहवाल २०२५’, ‘फोटो’, ‘जाहिराती’ असे तीन फोल्डर शेजारी शेजारी उघडे राहतात आणि एकातून दुसऱ्यात फाइल ओढता येते. दिवाळी अंकाच्या वेळी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पडद्यावर अकरा खिडक्या उघड्या असायच्या, आता एकीत भागतं.

दुसरं, खिडक्या मांडायची सोय. विंडोज आणि झेड दाबा, पडद्याचे भाग दाखवणारी चित्रं येतात. डावीकडे हस्तलिखिताचा स्कॅन, उजवीकडे टंकायची फाइल. विंडोज १० मध्येही खिडकी कडेला चिकटवता यायची, पण आता तीन-चार भाग मनासारखे करता येतात.

आरएआर आणि सेव्हन-झेड फाइली आता वेगळं सॉफ्टवेअर न घेता उघडतात. नोटपॅडलाही टॅब आलेत आणि न साठवता बंद केलं तरी पुढच्या वेळी मजकूर तसाच समोर येतो. मध्येच वीज जाते तिथे ही मोठी गोष्ट आहे.

वर्डपॅड मात्र २४एच२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून, काढून टाकलंय. त्यातल्या जुन्या फाइली वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

रानजाई
उजव्या क्लिकचा मेनू राहिला की! नवा मेनू छोटा आहे आणि आपल्याला हवं ते नेमकं ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत जाऊन बसलेलं असतं. मला महिनाभराने कळलं की शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली तर थेट जुना मेनू येतो. ताई, ही एक किल्ली आजच वहीत लिहून ठेवा.

मी सिंधुदुर्गात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे दोन यंत्रांवर ११ आहे. भाषेच्या यादीत मराठी घेतली की विंडोजचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. चौथीची मुलं ते वाचून स्वतःच वाट काढतात. पूर्वी प्रत्येक बटणाला ‘बाई, हे काय लिहिलंय?’ व्हायचं.

खिळेमास्तर
अक्षरवेल, माझं वय एकाहत्तर. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग ऑफसेट, मग संगणक. त्यामुळे मी फक्त अक्षरांबद्दल बोलतो.

विंडोज नव्याने टाकलंत तर पहिल्या दिवशी तुम्हाला धक्का बसेल तो फॉन्टचा. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आता आपोआप बसवलेले नसतात. देवनागरीसाठी फक्त निर्मला असतो. मग मंगलमध्ये केलेलं जुनं पत्र उघडलं की ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतं, ओळी सरकतात, पान वाढतं. माझ्या सोळा पानी स्मरणिकेची सतरा पानं झाली होती. मी तासभर परिच्छेदांची अंतरं तपासत बसलो, चूक तिथे नव्हतीच.

उपाय सोपा आहे. भाषेच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडली की हे फॉन्ट उतरवून घेतले जातात. नाही आले तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे ऑप्शनल फीचर्स, तिथे देवनागरीचे पूरक फॉन्ट शोधून बसवा. विंडोज १० पासूनच ही रचना आहे, पण जे ७ वरून १० वर तसेच चढत आले त्यांना आधी कधी जाणवलं नसेल.

तुम्ही नुसतं अपग्रेड करणार असाल, म्हणजे जुन्यावर नवं, तर आहे ते जागेवर राहतं. तरी छपाईला फाइल पाठवण्याआधी पानं मोजा.

दर्यावर्दी
मास्तर, ‘ऱ्या’चं काय? माझ्या नावावरून मला रोज हा प्रश्न पडतो. फोनवर कोणी दर्या लिहितं, कोणी दऱ्या.

खिळेमास्तर
दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, यावर लग्नघरातला स्वयंपाक अवलंबून असतो! विंडोजच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी ‘जे’च्या किल्लीवर र आहे आणि शिफ्टसकट ‘जे’वर नुक्त्याचा ऱ. तो घ्या, मग डी ची किल्ली म्हणजे हलंत, मग य. डोळ्यातल्या पापणीसारखा अर्धा र उमटतो. १० वर होतं तेच ११ वर आहे, यात फरक नाही. शिकायला पंधरा दिवस लागतात, एकदा बोटांत बसलं की जन्मभराचं काम.

मीठभाकर
पंधरा दिवस कोणाकडे आहेत मास्तर? विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक मे २०१९ च्या अपडेटपासून आहे. इंग्रजीत उच्चार लिहायचा, खाली शब्द सुचवले जातात, निवडायचा. मी हा सगळा प्रतिसाद तसाच लिहिलाय. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजी, परत दाबलं की मराठी.

खिळेमास्तर
चार ओळींसाठी उत्तम आहे, मी नावं ठेवत नाही. पण दिवसाला वीस पानं टंकायची असतील तर प्रत्येक शब्दाला डोळे सुचवण्यांच्या पट्टीवर जातात. इनस्क्रिप्टमध्ये डोळे हस्तलिखितावर राहतात आणि बोटं आपली चालत राहतात. फरक तिथे आहे.

रानजाई
दोघांचंही पटतं. मुलांना मी इनस्क्रिप्टच शिकवते, पालकांना फोनेटिक दाखवते. पालक लगेच लिहायला लागतात आणि तो आनंद बघण्यासारखा असतो.

निळा_डोंगर
मूळ विषयाकडे येतो. या धाग्यावर अजून कोणी कूटबद्धतेबद्दल, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लागणाऱ्या कुलपाबद्दल बोललं नाही, आणि माझ्या मते यादीत तेच पहिलं हवं.

२४एच२ पासून नवा लॅपटॉप घेतला किंवा विंडोज नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं, की डिस्क आपोआप कूटबद्ध होते. चोरी झाली तर माहिती चोराच्या हाती लागत नाही, म्हणून सोय चांगलीच आहे. पण कधी मदरबोर्ड बदलला, कधी बायोस (यंत्र सुरू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, तर सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतली माहिती कोणालाही परत मिळवता येत नाही. दुकानदारालाही नाही, कंपनीलाही नाही.

माझ्या बाबतीत हे गेल्या पावसाळ्यात घडलं. लॅपटॉपवर वडिलांचा आवाज होता. शेवटच्या वर्षी त्यांनी आमच्या गावच्या विहिरी, बांध, कुठलं शेत कोणाकडून कधी घेतलं, हे सगळं बसून सांगितलं होतं. साडेसहा तासांचं ध्वनिमुद्रण, दुसरी प्रत नाही. निळा पडदा आला आणि मी माझ्या खात्यात जाऊन पाहिलं तर की नाहीच. तासभर डोकं बधिर झालं होतं. मग आठवलं, लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने ‘दादा, मी सगळं सेट करून देतो’ म्हणून स्वतःच्याच ईमेलने खातं लावलं होतं.

दुकान गाठलं. मुलगा नोकरी सोडून गेला होता, पण नंबर मिळाला. संध्याकाळी त्याने आपलं खातं उघडलं. त्यात असे एकोणीस लॅपटॉप होते, सगळे त्याने गिऱ्हाइकांना लावून दिलेले. पडद्यावर कीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून माझा शोधला. मग त्याने फोनवर सहा-सहा आकडे वाचायला सुरुवात केली, असे आठ गट. पाचव्या गटात त्याचं ‘एकोणसत्तर’ मला ‘एकोणऐंशी’ ऐकू आलं आणि पडद्याने ते घेतलं नाही. पुन्हा एक एक आकडा सुटा वाचला. आठवा गट भरून एंटर दाबलं तेव्हा बायको दारात उभी होती, काही न बोलता. विंडोज सुरू झालं आणि मी पहिल्यांदा ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली.

ताई, तुमच्या यंत्रावर खातं तुमचंच आहे ना हे आजच्या आज बघा. की कागदावर छापून घरातल्या कागदपत्रांत ठेवा.

अक्षरवेल
निळा_डोंगर, वाचून हात गार पडले. लगेच तपासलं. लॅपटॉपवरचं खातं माझंच आहे, कूटबद्धता बंद आहे. पण दिवाळी अंकांच्या गेल्या अकरा वर्षांच्या फाइली फक्त डेस्कटॉपवर आहेत, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. आज रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरवतेय.

चावडीवाचक
निळा_डोंगर, मनापासून आभार, हे सगळ्यांनी वाचायला हवं. एक स्पष्ट करतो. १० वरून ११ वर नुसतं अपग्रेड केलं तर कूटबद्धता आपोआप चालू होत नाही. नव्या यंत्रावर किंवा कोरी स्थापना केल्यावर होते. तरी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन, एकदा डोळ्याखालून घालाच.

आणि अपग्रेड केल्यावर आवडलं नाही तर दहा दिवसांच्या आत परत १० वर जाता येतं. सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. दहा दिवसांनंतर जुन्या फाइली साफ होतात. म्हणून अपग्रेड अशा आठवड्यात करा जेव्हा तुमची नेहमीची सगळी कामं एकदा तरी होऊन जातील.

पासबुक
मी एका पतसंस्थेत तीस वर्षं होतो, निवृत्तीनंतरही संगणकासाठी बोलावतात. आमच्याकडे पासबुक छपाईचा प्रोग्रॅम डॉसचा आहे, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. ज्याने लिहिला तो देवाघरी गेला. प्रोग्रॅम मात्र एक पैशाची चूक न करता चालू आहे. तो विंडोज ११ वर चालेल का? सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे.

चावडीवाचक
पासबुक काका, थेट नाही चालणार. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती होती, तिच्यावर डॉसचे आणि १६ बिटांचे प्रोग्रॅम चालायचे. ११ फक्त ६४ बिटांत येतं, त्यात ती सोयच नाही. तुमचं १० जर ३२ बिटांचं असेल तर त्यावर ११ चढवताही येत नाही, कोरी स्थापना करावी लागते. म्हणून आधी सिस्टीममध्ये अबाउट उघडून किती बिटांचं आहे ते बघा.

वाट आहे. डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस यांसारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, घेऊन त्यात प्रोग्रॅम चालवतात. फॉक्सप्रोसाठी व्हीडॉस बरा पडतो कारण तो कार्यालयीन कामासाठीच बनवलाय, प्रिंटरला मजकूर पाठवायची सोय त्यात आहे. डॉट मॅट्रिक्सचा खास ड्रायव्हर नाही मिळाला तरी विंडोजमधला ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर लावून साधा मजकूर छापता येतो. पण खरी पासबुकं लावण्याआधी कोऱ्या कागदावर चार दिवस छापून बघा, ओळ कुठे पडते ते. आणि खातेदारांच्या माहितीचं यंत्र शक्यतो इंटरनेटला जोडूच नका.

पासबुक
तुमचे उपकार आहेत. ३२ बिटांचंच आहे. संचालकांना छापून दाखवतो हा प्रतिसाद.

पेंग्विनप्रेमी
एवढी सर्कस करण्यापेक्षा जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली प्रणाली टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह त्यावर पळतो. इनस्क्रिप्ट आहे, लिब्रेऑफिस आहे, पैसे शून्य.

अक्षरवेल
पेंग्विनप्रेमी, घरच्या वापराला मी नक्की विचार केला असता. पण माझं मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, सोबत यूएसबीचा डोंगल, तो लावल्याशिवाय ते चालत नाही. गिऱ्हाइकांच्या दहा-दहा वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टमध्ये आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत, फिरवल्या तर जोडाक्षरं कुठे ना कुठे तुटतात, मग पुन्हा अक्षर न् अक्षर वाचायचं. दीडशे पानांचा अहवाल असा वाचलाय मी, तीन रात्री.

राईनकाठ
मी जर्मनीत राहतो. इथे हा वाद सरकारी पातळीवर चालू असतो. म्युनिक महापालिकेने आपले संगणक लिनक्सवर नेले होते आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. उत्तरेतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी उलट दिशेने जायचं जाहीर केलं. अक्षरवेल म्हणताहेत तो मुद्दा, जुन्या फाइली आणि खास कामांची सॉफ्टवेअर, अशा बदलांत येतोच.

माझे आईबाबा कोल्हापूरला. त्यांच्या संगणकावर गेल्या महिन्यात ११ आलं. पहिल्याच दिवशी बाबांचा फोन, ‘अरे, खालची सगळी चित्रं घसरून मध्ये आलीयेत.’ क्विक असिस्ट उघडायला सांगितलं, विंडोज, कंट्रोल आणि क्यू. मी इकडून कोड दिला, त्यांनी भरला आणि त्यांचा पडदा माझ्यासमोर. चित्रं डावीकडे नेली, अक्षरं मोठी केली, प्रिंटर लावला. आई मागून ‘जेवलास का’ विचारत होती, तेही झालं.

एक कळकळीची विनंती. हेच साधन भामटे वापरतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा पडदा येतो आणि मग गोड बोलून कोड भरायला लावतात. आईबाबांना मी सांगून ठेवलंय, कोड फक्त माझ्याकडून घ्यायचा, आणि तोही माझा आवाज ऐकून.

बाबांना ऐकू कमी येतं. त्यांच्यासाठी लाइव्ह कॅप्शन्स चालू केलं. विंडोज, कंट्रोल आणि एल. संगणकावर जो इंग्रजी आवाज वाजत असेल त्याची अक्षरं वर पट्टीत उमटतात, इंटरनेटवर काही न पाठवता. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, भौतिकशास्त्राची व्याख्यानं बघतात. चार वर्षांनी त्यांनी एक पूर्ण व्याख्यान एका बैठकीत संपवलं. माझ्यासाठी ११ मधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

रानजाई
राईनकाठ, किती छान. आमच्या शाळेत एका मुलीला ऐकू येत नाही, तिच्या इंग्रजीच्या तासाला उद्याच करून बघते.

मीठभाकर
ते एआयचं काय? पडद्याचे फोटो काढत बसतं म्हणे, ते सगळ्यांना येतं का?

चावडीवाचक
रिकॉल म्हणतात त्याला. ते फक्त कोपायलट प्लस नावाने विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांवर असतं. त्यासाठी खास एनपीयू (एआयच्या कामाची चिप) आणि कमीत कमी १६ जीबी रॅम लागते. मे २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा गोपनीयतेवरून इतका गदारोळ झाला की पुढे ढकललं आणि एप्रिल २०२५ मध्ये बदल करून आणलं. आता आपण चालू केल्याशिवाय ते चालू होत नाही. ताईंच्या २०२० च्या लॅपटॉपवर ते येणारच नाही. गिऱ्हाइकांची कागदपत्रं हाताळणाऱ्यांनी नव्या यंत्रावरही ते बंदच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पतसंस्थेचा अहवाल छापून जाहीर होईपर्यंत त्याचा फोटो कुठेही राहू नये.

खिळेमास्तर
सहमत. छापखान्याचा पहिला धर्म, गिऱ्हाइकाचा मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नाही. प्रश्नपत्रिका छापताना आम्ही प्रुफाचे कागदसुद्धा जाळायचो.

चावडीवाचक
आता अक्षरवेलताईंच्या डेस्कटॉपबद्दल. सहाव्या पिढीत टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमधून चालू करता येतं, पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासूनच यादीत आहे, त्यामुळे त्याने प्रश्न सुटत नाही. अट चुकवून ११ टाकायचे वळसे इंटरनेटवर मिळतील. कमाईच्या यंत्रावर ते करू नका. पुढच्या अपडेटची खात्री नसते.

त्यापेक्षा विंडोज १० ची वाढीव सुरक्षा मुदत घ्या. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. यंत्रावर २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथे ‘एनरोल नाउ’ दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा रिवॉर्ड्सचे १,००० गुण. मिळतात ते फक्त सुरक्षेचे अपडेट, नवीन काही नाही. तुम्हाला त्या यंत्रावर नवीन काही नकोच आहे.

राईनकाठ
इथे युरोपात बॅकअपची अट काढली, नुसतं खात्याने आत गेलं तरी चालतं. भारतात मात्र चावडीवाचक म्हणतात तसंच.

पेंग्विनप्रेमी
डोंगलचा मुद्दा मान्य. तसं असेल तर १० वरच थांबा. पण ऑक्टोबर २०२६ नंतर तो डेस्कटॉप फेकू नका, मला कळवा. आमच्या गटातर्फे लिनक्स टाकून शाळांना देतो.

निळा_डोंगर
ताई, डोंगल पुढेमागे ११ वर न्यायचा असेल तर एक अनुभव. माझ्या भावाच्या मोजणीच्या सॉफ्टवेअरचा डोंगल नव्या यंत्रावर दिसेचना. कारण निघालं मेमरी इंटिग्रिटी. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन. ते चालू असलं की जुने ड्रायव्हर अडवले जातात. बंद करून चालेल, पण तो पहारा उठवण्यासारखं आहे. आधी सॉफ्टवेअरवाल्यांकडे नवा ड्रायव्हर मागा. भावाला मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाला.

अक्षरवेल
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. काय काय केलं ते सांगते.

अकरा वर्षांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, दुसरी प्रत भावाच्या घरी ठेवली. मग एका शनिवारी लॅपटॉपवर ११ टाकलं. दीड तास लागला. मराठी कळफलक, फॉन्ट, प्रिंटर सगळं जागेवर. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे जुने तीन अहवाल उघडून पानं मोजली, एकही ओळ हलली नाही. दहा दिवसांत पत्रिका, प्रश्नपत्रिका, एक पुस्तिका, अशी सगळ्या प्रकारची कामं करून बघितली. परत जावंसं वाटलं नाही.

टॅब तर आता सुटणार नाहीत. पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते विंडोज आणि व्ही. शोधलं तर कळलं की ही सोय २०१८ पासून १० मध्येही होती, मला कोणी सांगितलीच नव्हती! एकदा चालू केली की कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी यादीत राहतात. पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, कुलदेवतेची ओळ, मुहूर्ताचा नमुना, कार्यालयाचा पत्ता, हे तुकडे दिवसातून वीसदा लागतात. पूर्वी जुनी पत्रिका उघडायची, तुकडा उचलायचा, परत यायचं. आता ते पिन करून ठेवलेत, यंत्र बंद केलं तरी जात नाहीत. काल नऊ पत्रिकांचे मसुदे दुपारच्या जेवणाआधी संपले.

डेस्कटॉपवर वाढीव मुदत घेतली, एक पैसा पडला नाही. जुन्या फॉन्टचं काम त्यावरच. सॉफ्टवेअरवाल्यांना ११ साठीच्या ड्रायव्हरचं पत्र टाकलंय, उत्तर आलं की कळवते. नवी गिऱ्हाइकं मात्र यापुढे युनिकोडमध्येच घेणार, हे ठरवून टाकलं.

आणि मास्तर, इनस्क्रिप्टचा आज सोळावा दिवस. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ न बघता टंकलं.

खिळेमास्तर
शाब्बास पोरी. आता ‘तऱ्हा’ आणि ‘वऱ्हाड’ घे.

पासबुक
आमच्याकडे व्हीडॉसवर पासबुक छापून झालं. पहिले दोन दिवस तारीख एक घर उजवीकडे पडत होती, डावा समास एकाने कमी केल्यावर बसली. संचालकांनी सोमवारपासून एका खिडकीवर चालू करायला परवानगी दिली आहे.

चावडीवाचक
काका, जुनं यंत्र तीन महिने तरी तसंच बाजूला ठेवा, पुसू नका. महिनाअखेरचं व्याज दोन्हीकडे काढून ताडून बघा.

पासबुक
तेच करतोय. जुन्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, ‘हात लावू नये’.